हॅलोवीनसाठी हॉल सजवायचाय? आधी दिवे बंद करून बघा

ऑक्टोबर लागला की माझ्या डोक्यात हा किडा वळवळायला लागतोच, की यंदा हॉल असा सजवायचा की आत येणारा माणूस दोन सेकंद दारातच थबकला पाहिजे. पहिल्या वर्षी मी सुचेल ते सगळं बनवलं होतं. टेबलावर भोपळे, भिंतीवर कवट्या, पडद्याला कोळी, सोफ्यावर भुतं, कुठे म्हणून जागा सोडली नाही. आणि संध्याकाळी मोठा दिवा लावला तर हॉल भुताचा वाडा वाटायच्या ऐवजी शाळेतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनासारखा दिसत होता. वैतागून दिवा बंद केला, कोपऱ्यातला एक छोटा लॅम्प तेवढा चालू राहिला, आणि त्या उजेडात एका कागदी वटवाघळाची भलीमोठी सावली समोरच्या भिंतीवर पडली. अख्ख्या हॉलमधे तेवढी एकच गोष्ट भीती वाटावी अशी होती, आणि ती मी बनवलेलीच नव्हती!

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय. आधी उजेड ठरवायचा, मग त्या उजेडात काय दिसणार ते बघायचं, आणि तेवढंच बनवायचं. खाली जे सांगतेय ते याच क्रमाने.

बनवायला बसण्याआधी

रात्री हॉलमधले सगळे दिवे घालवा आणि एक लॅम्प किंवा टॉर्च घेऊन जागा बदलत फिरा. जमिनीवर ठेवून बघा, कपाटामागे, सोफ्यामागे, खिडकीच्या कट्ट्यावर. प्रत्येक वेळी दारात जाऊन उभं राहायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचा, कारण येणारा माणूस पहिल्यांदा दारातूनच बघणार आहे, तुम्ही बनवायला बसता त्या टेबलावरून नाही. पाच-सहा फोटो झाले की कळतंच कुठली भिंत चांगली दिसते आणि कुठला कोपरा कितीही सजवला तरी अंधारातच जाणार आहे. त्या अंधाऱ्या कोपऱ्यावर मेहनत करायची नाही, तो तसाच सोडा, अंधार पण सजावटच आहे.

मी फक्त तीन जागा निवडते. एक मुख्य, म्हणजे शेल्फ किंवा टीव्हीखालचं कपाट, जिथे जवळ जाऊन बघण्यासारख्या वस्तू मांडायच्या. दुसरी एक मोकळी भिंत. आणि तिसरी खिडकी किंवा छताचा एखादा कोपरा. बस. तीन जागा भरगच्च आणि बाकी हॉल नेहमीसारखा, हे सगळीकडे थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

रंग पण आवरा. काळा आणि केशरी तर असणारच, त्यात फार तर मळकट पांढरा. मी एकदा जांभळा आणि पोपटी पण घेतला होता आणि सगळं वाढदिवसाच्या पार्टीसारखं झालं.

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, तर कामाला साधारण १५ ऑक्टोबरपासून लागायचं. एवढं काम नसतं खरं तर, पण कागदाचे भोपळे वाळायला चार-पाच दिवस खातात आणि दमट हवा असेल तर आठवडा. म्हणून भोपळे सगळ्यात आधी, मग भुतं, मग बाटल्या आणि मेणबत्त्या, वटवाघळं रोज टीव्ही बघता बघता कापायची, आणि कोळ्याचं जाळं अगदी शेवटच्या दिवशी कारण ते आधी लावलं की येताजाता कुणाच्या तरी डोक्याला अडकणारच.

सामान बरंचसं घरातच असतं. जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठ्याची खोकी, टॉयलेट रोलच्या आणि किचन टॉवेलच्या नळ्या, काचेच्या रिकाम्या बरण्या, काळी लोकर, जुनं पातळ सुती कापड. विकत आणायचं म्हणजे काळा जाड कागद, पांढरा गोंद, काळा-केशरी-तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग, मासे पकडायचा पारदर्शक नायलॉन दोरा, मास्किंग टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि बॅटरीवर चालणारे छोटे एलईडी दिवे. ग्लू गन असेल तर मजा, नसेल तर अडत नाही. काळा रंग घेताना मॅट घ्या, चकचकीत काळा दिव्याखाली प्लॅस्टिकसारखा दिसतो आणि सगळा खेळ उघडा पडतो.

उजेड आणि सावल्या

मोठा दिवा बंद, हे तर झालंच. त्याच्या जागी तीन-चार छोटे, पिवळसर उजेडाचे दिवे, आणि सगळे नजरेच्या खाली. रोज आपल्याला उजेड वरून पडलेला बघायची सवय असते, तो खालून आला की ओळखीची वस्तू पण अनोळखी वाटायला लागते. लहानपणी हनुवटीखाली टॉर्च धरून भावंडांना घाबरवलं असेल ना, तेच तत्त्व.

आता सावलीची करामत. सावली मोठी हवी असेल तर वस्तू दिव्याच्या जवळ आणणं हा सगळ्यात सोपा मार्ग. हिशोब असा की टॉर्च भिंतीपासून १५० सेंमी लांब आहे आणि टॉर्चच्या पुढे १५ सेंमीवर तुम्ही १० सेंमीची कागदी आकृती उभी केली, तर सावली दहापट म्हणजे तब्बल १ मीटरची पडते. आणि दिवा जेवढा बारीक तेवढी सावलीची कड धारदार, म्हणून यासाठी एकच एलईडी असलेली टॉर्च बेस्ट. शेड लावलेल्या लॅम्पसमोर सावली पसरट आणि पुसट येते, तो इथे कामाचा नाही.

करायचं असं की काळ्या कागदातून एक हाताचा पंजा कापा, बोटं मुद्दाम लांब, टोकदार, सांध्यांवर जरा फुगलेली. मागे जाड तार टेपने चिकटवा, तार पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचून उभी करा, आणि टॉर्चसकट सोफ्यामागे लपवून टाका. समोरून ना टॉर्च दिसते ना कागद, फक्त भिंतीवर हात. हे बनवायला पंधरा मिनिटं लागतात आणि अख्ख्या सजावटीत लोक सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात, मला तर थोडा रागच येतो कारण भोपळ्यांवर मी आठवडा घालवलेला असतो.

एक गोष्ट चुकूनही करू नका, उजेड केशरी व्हावा म्हणून बल्बवर कापड किंवा कागद टाकणं. बल्ब तापतो, कागद पेटतो. रंगीत उजेड हवा असेल तर रंगीत बल्बच आणा. किंवा काचेच्या बरणीला बाहेरून केशरी पतंगी कागद पातळ गोंदाने चिकटवा आणि आत एलईडी दिवा ठेवा. त्याच बरणीला कागदाऐवजी जखमेवर बांधायचं बँडेज आडवंतिडवं गुंडाळलं आणि फटीत कागदाचे दोन डोळे चिकटवले की ममी तयार. बँडेज नीटनेटकं गुंडाळायचं नाही, एखादी पट्टी लोंबू द्यायची.

वटवाघळांचा थवा

भिंतीसाठी यापेक्षा कमी खर्चाचं आणि जास्त उठून दिसणारं मला तरी काही सापडलेलं नाही. पण दहा-बारा वटवाघळं लावली तर ती चिकटवलेली वाटतात, निदान चाळीस हवीत, मग तो थवा वाटतो. तीन मापं करायची, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ८, १२ आणि १८ सेंमी.

साचा बनवायला १२ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद कागद मधोमध दुमडा. घडीच्या बाजूला अर्धं डोकं आणि एक टोकदार कान काढा, तिथून वरची रेघ कमानीसारखी उचलून पंखाच्या टोकापर्यंत न्या, आणि खालच्या कडेला परत येताना तीन छोटे खोलगट अर्धगोल काढत घडीपाशी या. कापून उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. पहिला साचा बहुतेक उंदरासारखा दिसतो, घाबरू नका, पंखाचं टोक अजून लांब खेचा आणि डोकं लहान करा. मनासारखा झाला की पुठ्ठ्यावर गिरवून पक्का साचा करून ठेवा, पुढच्या वर्षीचं काम वाचतं.

काळ्या कागदाचे तीन थर एकत्र स्टेपल करून एकदम कापायचे. कागद १६० ते २०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) घ्या, पातळ असेल तर दोन दिवसांत पंख लोळागोळा होतात. कापून झालं की प्रत्येकाचे पंख अंगापासून वर दुमडायचे, काहींचे जास्त काहींचे कमी, आणि भिंतीला फक्त अंग चिकटवायचं, पंख मोकळे. म्हणजे बाजूच्या लॅम्पचा उजेड पडला की प्रत्येकाची सावली मागे पडते आणि चाळीसची ऐंशी होतात.

लावताना घाईघाईत चिकटवत सुटू नका. थव्याला कुठूनतरी सुरुवात हवी, कपाटाच्या मागून, फायरप्लेसमधून, दाराच्या वरून. तिथे खूप दाटी करा, एकावर एक आली तरी चालेल, आणि मग भिंतीवर तिरका वर चढणारा बाक देत हळूहळू विरळ करत न्या. मोठी जवळ, लहान लांब. शेवटचं एकटं वटवाघूळ छताच्या कडेला, जरा जास्तच अंतरावर ठेवायचं. सगळ्यांची तोंडं साधारण एकाच दिशेला पण अगदी तंतोतंत नाही.

चिकटवण्याचं तंत्र मी भिंतीचा रंग निघाल्यावर शिकले. आधी भिंतीला मास्किंग टेपचा छोटा तुकडा, त्याच्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप, आणि मग वटवाघूळ. भिंतीला फक्त मास्किंग टेप लागते, ती सुटताना सहसा रंग सोबत नेत नाही.

कागदाचा भोपळा, आणि त्याचा जुना भाऊ

खरा भोपळा कोरायला मजा येते पण उबदार घरात आठवड्याभरात तो बसतो, बुरशी धरतो, आणि वास तर विचारूच नका. कागदाचा एकदा केला की वर्षानुवर्षं.

एक फुगा साधारण २० सेंमी होईल एवढाच फुगवा, पूर्ण ताणायचा नाही. जाड दोरा गाठीपासून खालच्या टोकापर्यंत उभा गुंडाळून चार वेढे द्या म्हणजे आठ फाका पडतात. दोरा एवढाच आवळा की फाका फुगून वर येतील. फुगा गच्च फुगवला असेल तर इथेच फुटतो, म्हणून आधी सांगितलं.

मग खळ करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये, मग एकूण अडीच-तीन वाट्या पाणी होईल असं करून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट मिश्रण अर्धपारदर्शक आणि घट्टसर व्हायला लागलं की उतरवा. बुरशी लागू नये म्हणून मूठभर मीठ टाका. गार झाल्यावरच वापरायची.

वर्तमानपत्राच्या ३ सेंमी रुंद पट्ट्या हाताने फाडायच्या, कात्रीने नाही. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे असतात त्यामुळे पट्टी पट्टीत मिसळून जाते, कापलेल्या कडेची मात्र रेघ दिसत राहते. पट्टी खळीत बुडवा, दोन बोटांतून ओढून जास्तीची खळ निथळून टाका आणि फुग्यावर आडवीतिडवी बसवा, खाचांमधे बोटाने दाबून. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा साध्या पांढऱ्या कागदाचा, परत वर्तमानपत्र, असं आलटून पालटून केलं की कुठे लावलंय आणि कुठे राहिलंय ते दिसतं. चार थर पुरे. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, आणि मधून मधून भोपळा फिरवून ठेवायचा नाहीतर खालची बाजू ओलीच राहते.

माझा एक अख्खा भोपळा गेला तो अधीरपणामुळे. बाहेरून कडक लागत होता म्हणून मी फुग्याला सुई टोचली, आतला थर अजून ओला, फुगा आक्रसताना त्याने कागद आत ओढला आणि बघता बघता भोपळ्याचा पिचका चेंडू झाला. आता मी टिचकी मारून आवाज ऐकते. टक् असा पोकळ, कोरडा आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर अजून एक दिवस थांबायचं. आणि टोचायचं ते पण गाठीजवळ बारीक, हवा हळू जाऊ द्यायची.

रंगवताना आधी सगळा पांढरा हात मारा नाहीतर बातम्या वाचता येतात खालून. मग केशरी. तो सुकला की तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून खाचांमधून ब्रश फिरवा आणि लगेच ओल्या फडक्याने वरचा भाग पुसून घ्या, खाचांत गडद राहतो आणि फाका उठून दिसतात. देठासाठी टॉयलेट रोलची नळी पिळून, वाकवून, टेप लावून वर दोन थर कागद. तोंड कोरायचं तर धारदार कटरने, आधी पेन्सिलीने काढून, आणि मागच्या बाजूला दिवा आत सरकवायला एक गोल भोक. आत फक्त एलईडी, खरी मेणबत्ती कागदाच्या भोपळ्यात लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आता जुना भाऊ. भोपळा या सणात तसा उशिरा आला. हॅलोवीन हे नाव 'ऑल हॅलोज ईव्ह' वरून, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, आणि त्याच्याही मागे केल्टिक लोकांचा सॉविन नावाचा उन्हाळा संपतानाचा सण. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधे लोक कंदील कोरायचे ते सलगमाचे, म्हणजे बीटासारख्या गोल कंदाचे. तिथून माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मिळाला, मोठा, आतून मऊ, कोरायला सोपा, आणि सलगम मागे पडला. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल भागातल्या अशाच एका सलगमाच्या कंदिलाचं प्लास्टरमधलं प्रतिरूप आहे. त्याचा फोटो नक्की शोधून बघा, सुरकुतलेला चेहरा, खोल गेलेले डोळे, वेडेवाकडे दात. हसरा भोपळा त्याच्यापुढे अगदी गोंडस बाळ वाटतो.

म्हणून मी भोपळ्यांच्या शेजारी एक कागदाचा सलगम ठेवतेच. ८-१० सेंमीचा छोटा फुगा, वर दोनच थर, आणि नंतर वर्तमानपत्र पाण्यात भिजवून, कुस्करून, पिळून, गोंदात मळून लगदा करायचा आणि त्याने कपाळ, गालाची हाडं, भुवया थापायच्या. डोळ्यांच्या जागी अंगठ्याने खोल दाबा. दात म्हणून काडेपेटीच्या गुल काढलेल्या काड्यांचे तुकडे ओल्या लगद्यात खोचले की झालं. रंग केशरी नाही, मळका पिवळट तपकिरी. इथे हात वाईट असेल तर उलट फायदाच होतो, जितका कुरूप तितका चांगला.

अधांतरी भुतं

जाळीदार पातळ सुती कापडाचा ६० सेंमीचा चौकोन घ्या. लिटरभराची उंच बाटली, तिच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चेंडू, आणि बाटलीला आडवी तार बांधून दोन्ही टोकं हातांसारखी पुढे वाकवलेली, असा सांगाडा करा. यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळायला विसरू नका. मी विसरले होते आणि भूत फॉइलसकट वाळून आलं, सोलताना त्याचं डोकंच फाटलं.

दोन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी मिसळा, कापड बुडवा, पिळा, आणि सांगाड्यावर टाका. चुण्या बोटांनी पाडायच्या, खालची कड जमिनीवर पसरू द्यायची. २४ तास हात लावू नका, मग हळूच बाटली काढून घ्या, कापड आपलं आपण उभं राहतं. खालची कड कात्रीने वेडीवाकडी कापा, काळ्या कागदाचे दोन लंबगोल डोळे चिकटवा. तोंड नको, तोंड काढलं की कार्टून होतं.

डोक्यातून नायलॉन दोरा ओवून टांगायचं, पण छताला लागून नाही. उभ्या माणसाच्या खांद्याच्या आसपास असू द्या, आणि येण्याजाण्याच्या वाटेत नको. जवळून कुणी चाललं की ते जरासं हलतं, स्वतःभोवती हळूच वळतं, आणि तोंड फिरवून आपल्याकडे बघतंय असं वाटतं. एका हॉलमधे दोन किंवा तीन, त्याहून जास्त नको.

शेल्फवरचा पसारा

इथे माणसं जवळ येऊन बघतात, म्हणून बारीक काम इथे करायचं.

चेटकिणीच्या बाटल्यांसाठी वेगवेगळ्या आकाराच्या बरण्या-बाटल्यांवर ग्लू गनने रेघा, ठिपके, ओघळ काढा, सुकल्यावर वरून काळा मॅट रंग आणि उंचवट्यांवर बोटाने थोडा तांबूस रंग चोळा. जुन्या धातूसारखं दिसतं. ग्लू गन नसेल तर पांढऱ्या गोंदात बुडवलेली सुतळी गुंडाळा, तेच काम होतं. लेबलांसाठी साधा कागद कडक काळ्या चहात दहा मिनिटं बुडवून वाळवा, कडा फाडा, जाळू नका, फाडून कडेला तपकिरी रंग टिपला की जळल्यासारखंच दिसतं. नावं सुचवायला घरच्यांना बसवा. आमच्याकडे 'वटवाघळाची शिंक', 'अमावस्येचं धुकं', 'घुबडाची झोप' आणि 'चेटकिणीचा सुस्कारा, हलवून घेणे' अशी आहेत.

मेणबत्त्यांसाठी टॉयलेट रोलच्या नळ्या, आणि उंच हव्यात तर किचन टॉवेलच्या, ८ ते २० सेंमी अशा कमीजास्त उंचीच्या कापा. वरच्या कडेवर ग्लू गनने डिंक सोडायचा आणि नळी सरळ धरून ओघळू द्यायचा, अगदी वितळलेल्या मेणासारखा. मग सगळ्याला एकच मळकट पांढरा रंग. छोटे गोल एलईडी दिवे साधारण ३.८ सेंमी व्यासाचे असतात, ते नळीत जवळपास घट्ट बसतात, सैल वाटला तर कागदाची पट्टी गुंडाळा. दिवा कडेपासून सेंटीमीटरभर खाली ठेवायचा, म्हणजे दिवा दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. याच नळ्यांना आरपार दोन भोकं पाडून नायलॉन दोऱ्याने छताला टांगल्या की अंधारात अधांतरी मेणबत्त्या.

खिडकी, जाळं, कोळी

खिडकीत काळ्या कागदाची मांजर, झाड, चेटकीण वगैरे लावतात ते छान दिसतं, पण कुठून, हा प्रश्न आहे. रात्री हॉलमधे उजेड असतो आणि बाहेर अंधार, त्यामुळे ती चित्रं रस्त्यावरच्याला दिसतात, तुम्हाला आतून काळ्यावर काळं. आतून दिसायला हवी असतील तर पुठ्ठ्याची उथळ खोकी करा, समोर ट्रेसिंग पेपर, त्याच्यामागे काळी आकृती, आणि तळाशी एलईडीची माळ. ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा.

जाळ्यासाठी कोपऱ्यातून निघणारे लोकरीचे पाच-सहा ताणलेले धागे, आणि मग त्यांना आडवे जोडणारे धागे जरा झोळ देऊन. प्रत्येक उभ्या धाग्याला एक वेढा घेऊन पुढे जायचं. जुन्या घरातली जळमटं हवी असतील तर लोकर नको, उरलेलं जाळीदार कापड हाताने ओढून, भोकं पाडून, कपाटाच्या कोपऱ्यावर लटकवा.

कोळ्याचं एक सांगते कारण हे बहुतेक जण चुकतात. त्याच्या शरीराचे दोन भाग असतात, पुढचा लहान आणि मागचा मोठा, आणि आठही पाय पुढच्या भागाला असतात. पोटाला पाय लावले की तो खेकडा दिसतो. कागदाचे दोन बोळे टेपने आवळा, तारेचे चार तुकडे मधोमध एकत्र पिळून पुढच्या बोळ्याखाली चिकटवा, प्रत्येक पाय आधी वर आणि मग खाली वाकवा, लोकर गुंडाळा. एकच मोठा करा आणि जाळ्याच्या मधे नाही, कडेला बसवा.

मांडण्याआधी हे बघून घ्या

ग्लू गनचं टोक प्रकाराप्रमाणे साधारण १२० ते १९० अंशांपर्यंत तापतं, मुलांच्या हातात द्यायची नाही, आणि शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा, डिंक बोटावर पडला की तो ओढून न काढता बोट लगेच पाण्यात. छोट्या एलईडी दिव्यांत बहुतेक वेळा बटणासारखे सपाट सेल असतात, लहान मूल घरात असेल तर झाकणाला स्क्रू असलेलेच दिवे घ्या. असा सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते, म्हणून गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल. मांजर असेल तर लोकर आणि नायलॉन दोरा तिच्या उडीच्या टप्प्यात नको, दोरा गिळला तर आतडी अडकतात. दाराची वाट मोकळी ठेवा, येण्याजाण्याच्या रस्त्यात वायरी नकोत, हॉलमधे अंधार असणार आहे हे लक्षात घ्या.

३० तारखेच्या रात्री सगळं लावून, दिवे घालवून, परत दारात उभं राहून एक फोटो काढा. पहिल्या फोटोशी ताडून बघा. जी वस्तू फोटोत दिसतच नाहीये ती काढून टाका, कितीही मेहनत घेतलेली असली तरी. मी दरवर्षी दोन-तीन वस्तू काढतेच आणि त्यांना शेल्फमागे ढकलते.

उतरवताना टेप भिंतीला समांतर धरून हळू ओढायची, हट्टी असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा दहा सेकंद. वटवाघळं मापाप्रमाणे तीन पाकिटांत, पंख उघडे करून सपाट. भुतं घडी घालायची नाहीत, एका खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे आत भरून उभी. दिव्यांतले सेल काढून ठेवा नाहीतर वर्षभरात गळून दिवे खराब होतात. भोपळे कोरड्या जागी, उंचावर. सलगम मात्र आमचा पुस्तकांच्या कपाटावरच राहतो, त्याला खोक्यात घालायला कुणी तयारच होत नाही.